सही करण्याआधी मनगट दाखवून घ्या

प्रिय ताई,
सात आठवड्यांपूर्वी मी सायकलवरून कामाला निघाले होते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीचं दार अचानक उघडलं, मी त्याच्यावर आदळले आणि पडले. कॉलरबोन मोडलं. उजव्या मनगटाला मार बसला, पण एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. डोकंही आपटलं, शुद्ध मात्र हरपली नव्हती. हेल्मेट घातलं नव्हतं. गाडीवाले गृहस्थ सज्जन होते, त्यांनीच मला दवाखान्यात नेलं. त्या गडबडीत मी ‘माझंही जरा लक्ष नव्हतं’ असं बोलून गेले. आता त्यांच्या विमा कंपनीकडून सारखे फोन येताहेत. दवाखान्याचं बिल, नवी सायकल आणि वर थोडी रक्कम देतो, याच आठवड्यात सही करा, असं म्हणतात. दीर म्हणतात, हेल्मेट नव्हतं तेव्हा मिळतंय ते घ्या. यजमान म्हणतात, मिटवून टाक. मलाही त्या भल्या माणसाला त्रास द्यायचा नाही. पण बरणीचं झाकण फिरवताना मनगटात अजून कळ येते, संध्याकाळी डोकं जड होतं, बोलताना साधे शब्द आठवत नाहीत. उभ्या गाड्यांच्या रांगेजवळून पायी जातानाही धस्स होतं. सही करू का? आणि मला पुन्हा सायकल चालवता येईल का?
— तुमची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

सही करू नका. या आठवड्यात तर नाहीच. मनगटाचा आणि डोक्याचा उलगडा होईपर्यंत कुठल्याच कागदावर करू नका.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: सात आठवड्यांनंतरही झाकण फिरवताना येणारी कळ. हात टेकून पडलेल्या माणसाच्या मनगटात स्कॅफॉइड नावाचं एक छोटं हाड मोडू शकतं. ते पहिल्या दिवसाच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. म्हणून संशय असला की डॉक्टर मनगट बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा सरळ एमआरआय करायला सांगतात. तुमच्या पत्रात दुसऱ्या एक्स-रेचा उल्लेख नाही, त्यावरून तो झालेला नसावा. या हाडाला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकाकडून मिळतं. मधेच तडा गेला तर कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि मग हाड जुळणं अवघड होतं. वेळीच कळलं तर बहुतेकदा प्लास्टरवर भागतं. दुर्लक्ष झालं तर शस्त्रक्रिया, आणि पुढे काही वर्षांनी मनगटाचा संधिवात. अंगठा वर ताणला की मनगटाशी एक खळगी पडते, तिथे दाबल्यावर दुखतं का ते बघा. दुखो वा न दुखो, या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘पडून सात आठवडे झाले, कळ गेलेली नाही’ हे नेमक्या याच शब्दांत सांगा.

डोक्याचंही तसंच. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला धक्का बसला नाही, असा एक समज घट्ट बसला आहे आणि तो चुकीचा आहे. कन्कशन, म्हणजे मेंदूला असा धक्का, झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. संध्याकाळी डोकं जड होणं, शब्द न सापडणं ही त्याची ओळखीची लक्षणं आहेत. बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात, काहींना महिने लागतात. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता एक-दोन दिवस विश्रांती आणि मग लक्षणं फार वाढणार नाहीत इतपत हलकी हालचाल, चालणं, हळूहळू काम, असं सांगतात. मोबाइल आणि संगणकाचं काम तुकड्यातुकड्यांत करा, झोप सांभाळा. मात्र डोकेदुखी दिवसागणिक वाढत असेल, उलट्या होत असतील, फार झापड येत असेल, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडल्यासारखा वाटत असेल, तर वाट न पाहता तडक रुग्णालयात जा. डोक्याच्या मारानंतरचा रक्तस्राव कधी कधी आठवड्यांनी लक्षात येतो, विशेषतः वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर.

आता सहीकडे वळू. विमा कंपनी पुढे करते त्या कागदावर बहुधा ‘पूर्ण आणि अंतिम तडजोड’ अशा अर्थाची ओळ असते. तिचा अर्थ असा की या अपघातातून उद्या काहीही निघालं, मनगटाची शस्त्रक्रिया निघाली, सहा महिने काम करता आलं नाही, तरी तुम्ही पुन्हा मागायला येणार नाही. एकदा सही झाली की तो दरवाजा जवळजवळ कायमचा बंद होतो. म्हणून तर घाई आहे. दुखापत किती खोल आहे हे कुणालाच ठाऊक नसताना दिलेली रक्कम त्यांना स्वस्त पडते. फोन करणारा माणूस गोड बोलत असेल, मनाने चांगलाही असेल. पण तो गाडीवाल्यांच्या विमा कंपनीचा आहे, तुमचा नाही. ओल सुकायच्या आधी भिंतीला रंग दिला तर पोपडे धरतात, तशातली ही गोष्ट.

विमा कंपनीच्या त्या माणसाशी फोनवर काही बोलू नका. फोनवरचं संभाषण रेकॉर्ड होत असेल असं धरूनच चाला. ‘आता कशी आहे तब्येत?’ या प्रश्नाला आपण सवयीने ‘बरी आहे’ म्हणतो, आणि तेच उत्तर नंतर तुमच्यापुढे येऊ शकतं. लेखी एवढंच कळवा: ‘माझे उपचार चालू आहेत. मनगटाच्या व डोक्याच्या तपासण्या बाकी आहेत. प्रकृती स्थिर झाल्याचं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी कोणत्याही अंतिम तडजोडीचा विचार करणार नाही. यापुढचा पत्रव्यवहार कृपया लेखी करावा.’ दवाखान्याच्या बिलांमुळे हात आखडत असेल, तर अंतिम हिशेबातून वळती होईल अशी अंतरिम रक्कम मागता येते. ती देताना अंतिम तडजोडीची अट घालत असतील तर नको म्हणा.

त्या सज्जन गृहस्थांबद्दल तुम्हाला वाटतं ते मला समजतं, आणि त्यात तुमचा चांगुलपणा दिसतो. पण गाडीचा थर्ड पार्टी विमा जवळजवळ सगळ्या देशांत सक्तीचा केला आहे तो याचसाठी, की एखाद्या भल्या माणसाच्या हातून चूक झाली तर भार त्याच्या खिशावर पडू नये आणि जखमी माणूसही उघडा पडू नये. त्यांनी हप्ते भरले ते याच दिवसासाठी. तुम्ही दावा मागे घेतलात तर वाचलेले पैसे त्यांना मिळणार नाहीत, कंपनीकडेच राहतील. त्यांच्याविषयी मनात राग न ठेवता पूर्ण भरपाई मागता येते. नुकसानभरपाई म्हणजे बक्षीस नव्हे आणि सूडही नव्हे. अपघातापूर्वी तुम्ही जिथे होतात, पैशाने जमेल तितकं तिथे परत नेणं, एवढाच तिचा अर्थ आहे.

‘माझंही लक्ष नव्हतं’ हे वाक्य मनाला लावून घेऊ नका. रस्त्यावर पडलेली, हाड मोडलेली बाई काय बोलते यावरून दोष ठरत नाही. काय घडलं यावरून ठरतो. आणि जे घडलं ते तुमच्या बाजूचं आहे. रस्ता वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारात कलम २४ आहे. इतर रस्ता वापरणाऱ्यांना धोका होणार नाही याची खात्री केल्याशिवाय गाडीचं दार उघडायला ते स्पष्ट मनाई करतं. अनेक देशांच्या वाहतूक नियमांत हीच जबाबदारी या ना त्या शब्दांत आहे. दार उघडणाऱ्याने आधी मागे पाहायचं.

हेल्मेटबद्दल तुमच्या दिरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. काही ठिकाणी हेल्मेट नसल्याचा मुद्दा काढून भरपाईत कपात मागितली जाते. पण कपात मागणाऱ्याला दाखवावं लागतं की हेल्मेट असतं तर ही विशिष्ट इजा टळली असती किंवा कमी झाली असती. कॉलरबोन आणि मनगट यांचा हेल्मेटशी संबंध काय? जर्मनीतलं एक प्रकरण तर तुमच्या प्रसंगाशी इतकं मिळतंजुळतं आहे की ते सांगतेच. २०११ साली एक बाई सायकलवरून कामाला जात होती. उभ्या गाडीचं दार समोर उघडलं, ती पडली आणि डोक्याला गंभीर इजा झाली. हेल्मेट नव्हतं. तिथल्या उच्च न्यायालयाने त्या कारणाने तिच्याकडे २० टक्के दोष धरला. जून २०१४ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि नुसतं हेल्मेट नव्हतं म्हणून रोजच्या कामासाठी सायकल चालवणाऱ्या त्या बाईची भरपाई कमी करता येणार नाही असं ठरवलं. प्रत्येक देशात असाच निकाल लागेल असं मी म्हणत नाही. पण ‘हेल्मेट नाही म्हणजे हक्क नाही’ असा कायदा मी तरी पाहिलेला नाही. यापुढे हेल्मेट घाला, हे मी आग्रहाने सांगते. ते तुमच्या डोक्यासाठी, दाव्यासाठी नव्हे.

समजा, थोडा दोष तुमचा निघालाच. गाड्यांच्या फार जवळून चालवत होतात असं कदाचित म्हणतील. तरीही बऱ्याच देशांत दावा बुडत नाही, त्या प्रमाणात रक्कम कमी होते. काही देशांचे कायदे तर आणखी पुढे गेले आहेत. फ्रान्समध्ये १९८५ च्या कायद्यापासून मोटारीच्या अपघातात जखमी झालेल्या सायकलस्वाराला शारीरिक इजेची भरपाई मिळतेच. ती नाकारायची तर त्याची चूक अक्षम्य आणि अपघाताचं एकमेव कारण असावी लागते. नेदरलँड्समध्ये टाळताच न येणारा अपघात सोडला, तर प्रौढ सायकलस्वाराला निदान निम्मी भरपाई मोटारीच्या बाजूने द्यावी लागते. मागे विचार साधा आहे: टनभर लोखंड रस्त्यावर आणणाऱ्याने धोक्याचा भारही उचलावा. मला तो पटतो.

थांबा म्हणताना एक तातडीची सूचना. थांबायचं ते सहीसाठी. दाव्याच्या मुदतीसाठी नव्हे. इंग्लंडमध्ये शारीरिक इजेच्या दाव्यासाठी साधारण तीन वर्षं मिळतात. भारतात मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, एप्रिल २०२२ पासून, अपघातापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची तरतूद आहे. एवढा फरक असतो. तुमच्या ठिकाणची मुदत आजच विचारून घ्या आणि कॅलेंडरवर तिच्या बऱ्याच आधीची तारीख लिहा. विमा कंपनीशी बोलणी चालू आहेत म्हणून मुदत थांबेल असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी ती थांबत नाही. कित्येकांचे खरे दावे असेच बोलण्यात बुडाले आहेत.

पोलिसांत नोंद झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर उशीर झाला तरी आता करा, आणि नोंदीची प्रत घ्या. दवाखान्याच्या केसपेपरची प्रतही काढा आणि पहिल्या दिवशी काय लिहिलंय ते वाचा. घाईत तिथे ‘सायकलवरून पडून’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘गाडीचं दार उघडल्याने त्यावर आदळून’ असं तिथे असणं फार महत्त्वाचं आहे. तसं नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगून नव्या नोंदीत ते लिहून घ्या. मनगट, डोकेदुखी, शब्द न आठवणं, भीती, सगळं डॉक्टरांपुढे बोला. आपल्या बायकांना सोसून गप्प राहायची सवय असते. पण जे केसपेपरवर नाही ते नंतर झालंच नव्हतं असं धरलं जातं.

सात आठवड्यांनी सीसीटीव्हीचं चित्रण मिळण्याची आशा कमीच, बहुतेक ठिकाणी काही दिवसांत किंवा महिन्याभरात ते पुसून त्यावर नवं चढतं. तरी जवळच्या इमारतींत विचारा. कुणी त्या दिवशी जपून ठेवलं असेल तर नशीब. त्या गृहस्थांनी पाठवलेले मेसेज मात्र जपा. ‘मी मागे बघितलं नाही, माफ करा’ असं काही त्यात असेल तर तो मोठा पुरावा आहे. फोनमध्ये किंवा घड्याळात सायकलफेरीची नोंद करणारं ॲप चालू असेल तर त्या दिवसाची फाइल उतरवून ठेवा. वेग किती होता आणि कुठे थांबलात ते त्यात दिसतं. जागेचं साधं चित्र काढा, गाडी कुठे होती, तुम्ही कुठून आलात, आणि खाली तारीख घाला. फेसबुकवर हसरे फोटो टाकणं काही महिने थांबवा. लग्नातला एक फोटो दाखवून ‘या तर बऱ्या दिसतात’ असं म्हणणारे असतात.

सायकल दुरुस्त करू नका, भंगारातही देऊ नका. तीही पुरावा आहे. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मग दुकानातून लेखी अंदाजपत्रक घ्या, त्यात पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुबेळका दांडा) आणि फ्रेमचा पुढचा जोड खास तपासायला सांगा. फ्रेम कार्बनची असेल तर वरून धडधाकट दिसूनही आतून थर सुटलेले असू शकतात.

एक वही करा, रोज दोन-चार ओळींची. आज काय दुखलं, किती झोप झाली, कोणती गोळी घेतली, कोणतं काम करता आलं नाही. कपडे वाळत घालता आले नाहीत, मुलीचे केस विंचरता आले नाहीत, असं साधं आणि खरं लिहा. नोकरीतल्या बुडालेल्या पगाराचा हिशेब कुणीही करतं. घरातल्या कामाचा कुणी करत नाही. खरं तर तेही नुकसान आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मोटार अपघाताच्याच प्रकरणात गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल धरायला हवं असं ठामपणे सांगितलं. तुमच्या जागी घरचं कोण करतंय, मदतीला कुणाला पैसे दिले, नातलगांनी रजा काढली का, तेही लिहा. फिजिओथेरपी, दवाखान्याच्या रिक्षा-टॅक्सीची भाडी, फाटलेला कोट, फुटलेला चष्मा, सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा.

हे सगळं एकटीने लढवू नका. हाड मोडलं आहे आणि डोक्याची लक्षणं टिकून आहेत, तेव्हा अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलाला भेटणं योग्य. अनेकजण पहिली भेट विनामूल्य देतात. फी कशी घेणार, दावा फसला तर खर्च कुणावर, हे लेखी घ्या. आणि दवाखान्याच्या दारात कार्ड वाटणाऱ्याकडे जाऊ नका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुमच्या मनात पहिला आहे. हो, तुम्हाला सायकल चालवता येईल. प्रौढ माणसाचं कॉलरबोन साधारण सहा ते बारा आठवड्यांत जुळतं. त्यानंतरही खांदा आखडलेला आणि अशक्त राहतो, म्हणून फिजिओथेरपी अर्धवट सोडू नका. हँडलवर शरीराचा भार पडतो, तेव्हा दोन्ही हातांनी जोरात ब्रेक दाबता येणं, मागे वळून पाहता येणं आणि खड्ड्याचा हिसका न कळवळता सोसणं, हे तिन्ही जमत नाही तोवर रस्त्यावर येऊ नका. मनगटाचा निकाल लागण्याआधी तर अजिबात नाही. घरात उभ्या केलेल्या सायकलवर पाय चालवायला डॉक्टर आधी परवानगी देतील, तिथून सुरुवात करा.

भीतीचंही शरीरासारखंच आहे, तिलाही उपचार असतात. अपघात झाल्यावर काही आठवडे धस्स होणं स्वाभाविक. पण महिना उलटूनही ते टिकलं, तोच क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊ लागला, झोप उडाली, तो रस्ताच टाळावासा वाटला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आघातावर केंद्रित असलेली संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती (सीबीटी), म्हणजे बोलण्यातून भीतीचे विचार आणि टाळाटाळ हळूहळू बदलणारे उपचार, अशा त्रासात चांगली लागू पडते. आणि हो, या उपचारांचा खर्चही दाव्यात येतो.

रस्त्यावर याल तेव्हा ओळखीच्या, रुंद, कमी रहदारीच्या रस्त्याने, सोबत कुणाला घेऊन या. उभ्या गाड्यांपासून दाराच्या रुंदीइतकं अंतर ठेवा. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत २०२२ पासून सायकलस्वारांना नेमकं हेच, दाराएवढं किंवा एक मीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. गाडीतल्यांनी दाराकडच्या हाताऐवजी दूरच्या हाताने दार उघडावं, हेही त्यात तेव्हापासून आलं. तसं केलं की खांदा वळतो आणि नजर आपोआप मागे जाते. घरात गाडी असेल तर सगळ्यांना आजपासून ही सवय लावा, दिरांनाही. मागची गाडी हॉर्न देत राहिली तरी कडेला सरकून दारांच्या पट्ट्यात जाऊ नका.

उद्या सकाळी आधी अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, मग विमा कंपनीला ते पत्र पाठवा. मनगटाच्या तपासणीत काय निघालं ते मला जरूर कळवा.